पोटावरची पिशवी आणि चारचौघांतलं जगणं

गेल्या श्रावणातली गोष्ट. कॉलेजमधून येऊन चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातून आल्या होत्या. कुणाकडून तरी माझं नाव कळलं होतं म्हणे. आत या म्हटलं, तर त्यांनी मागे वळून रिक्षाकडे पाहिलं. रिक्षात त्यांचे यजमान बसलेले. पन्नाशीचे असतील. खांद्यावर एक टॉवेल आणि पोटाभोवती घट्ट गुंडाळलेला दुसरा. काही केल्या उतरायला तयार नव्हते. शेवटी मीच छत्री घेऊन रिक्षापाशी गेले. मान वर न करता ते एवढंच म्हणाले, "वासनी बर्तैत्री, अक्कार." वास येतो हो ताई, म्हणून घरात येत नाही.

मी म्हटलं, "ननगू अदरी." मलाही आहे.

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग पदराकडे. मग उतरले.

मला आहे म्हणजे काय, ते सांगायलाच हा लेख लिहिते आहे. माझ्या पोटावर डाव्या बाजूला स्टोमा आहे आणि त्यावर पिशवी आहे. २०१७ साली माझं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून. त्यानंतरची सगळी वर्षं मी रोज वर्गावर उभी राहते, भाजी आणते, लग्नकार्याला जाते. ओळखीच्या फार थोड्या लोकांना हे माहीत होतं. आता या साप्ताहिकाच्या सगळ्या वाचकांना माहीत होईल. होऊ दे. आमच्या ओसरीवर बसलेल्या त्या गृहस्थांनी चार महिने असे काढले होते, की ते ऐकून मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली. गोठ्याशेजारच्या पडवीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट. पिशवीत काही येऊच नये म्हणून दिवसातून एकदाच अर्धी भाकरी आणि दोन पेले पाणी. धिप्पाड माणूस पार वाळून गेला होता.

स्टोमा म्हणजे काय?

आतड्याचा रोग झालेला भाग काढावा लागतो किंवा त्याला काही महिने विश्रांती द्यावी लागते, तेव्हा सर्जन चांगल्या आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला टाके घालून शिवतात. तो स्टोमा. मोठं आतडं बाहेर काढलं असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतडं असेल तर इलिओस्टॉमी. लघवीसाठी करतात ती युरोस्टॉमी. काहींचा स्टोमा तात्पुरता असतो, काही महिन्यांनी तो परत आत घेतात. माझ्यासारख्यांचा कायमचा. दिसायला तो ओठांच्या आतल्या भागासारखा असतो, लालसर आणि ओलसर. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका येतो, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण वेदना कळणारे तंतू तिथे नसतात. म्हणूनच जपायचंही असतं. पट्ट्यानं किंवा प्लेटच्या कडेनं कापलं तरी आपल्याला कळत नाही.

त्याला स्नायूंचा झडपा नसतो, त्यामुळे "थांब जरा" म्हणायची सोय नाही. पिशवी लावायची ती एवढ्याचसाठी.

माझं कसं कळलं, ते थोडक्यात सांगते. शौचातून रक्त जायचं आणि मी सात-आठ महिने मूळव्याध समजून ताक आणि इसबगोल घेत राहिले. शिकलेली बाई, पण डॉक्टरांना दाखवायला लाजले. तुम्ही लाजू नका, एवढंच.

आमच्या चुका

ऑपरेशन चांगलं झालं. ज्या सर्जननी केलं त्यांचे उपकार आहेत. पण पिशवी कशी लावायची हे त्या दवाखान्यात कुणी धड शिकवलं नाही. घरी जायच्या दिवशी एका मुलानं पाच मिनिटांत करून दाखवलं, हातात दहा पिशव्यांचा डबा दिला आणि झालं. घरी आल्यावर सगळं यजमानांनी अंगावर घेतलं. सकाळी पिशवी बदलणं, रात्री रिकामी करणं, सगळं तेच करायचे. मी डोळे मिटून छताकडे तोंड करून पडायची. प्रेमानंच चाललं होतं ते, पण त्यामुळे मी तीन महिने पेशंटच राहिले. ते चिकोडीला कामाला गेले की मी भीतीनं जेवायचीच नाही. पिशवी सुटली तर काय करायचं, हे मला येतच नव्हतं.

एकदा ते गेलेले असताना ती सुटलीच. घरात सासूबाई आणि मी. त्यांना तर मी त्या जागेकडे कधी पाहूही दिलं नव्हतं. बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून, रडत रडत, मी पहिल्यांदा स्वतः चकती कापली आणि लावली. वाकडीतिकडी लागली, पण चार दिवस टिकली. त्या चार दिवसांत मला जेवढा धीर आला, तेवढा आधीच्या तीन महिन्यांत आला नव्हता. म्हणून घरच्यांना माझं पहिलं सांगणं हे, की मदत करा, शेजारी उभे राहा, पण कात्री माणसाच्या स्वतःच्या हातात द्या. फार म्हातारी, डोळ्यांनी कमी दिसणारी किंवा हात थरथरणारी माणसं असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा घरातल्या एकानं नाही, दोघांनी शिकून घ्यावं.

सगळं भोकात आहे

त्या गृहस्थांचा टॉवेल सोडवला तेव्हा स्टोमाभोवतीची कातडी पळसाच्या फुलासारखी लाल झालेली होती, काही ठिकाणी सोललेली. चिकटणाऱ्या चकतीला त्यांनी चांगलं पेल्याच्या तोंडाएवढं भोक पाडलं होतं. स्टोमा होता त्याच्या निम्मा. म्हटलं, इथेच सगळं चुकलंय.

पिशवीचे दोन प्रकार बाजारात मिळतात. एकात चकती आणि पिशवी जोडलेलीच असते. दुसऱ्यात चकती वेगळी आणि पिशवी तिच्या कड्यावर टप्पकन बसवायची. औषधाच्या दुकानात चकतीला प्लेट किंवा फ्लँज म्हणतात. प्रकार कुठलाही घ्या, चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी. जास्त मोठं पडलं की मधली कातडी उघडी राहते आणि तिच्यावर मळ साचतो. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात, ते कातडीही पचवू लागतात. भोक फार लहान झालं तर चकतीची कड स्टोमाला घासते.

शिवाय ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा-आठ आठवड्यांत तो आक्रसत जातो. पहिल्या दिवशी दवाखान्यात घेतलेलं माप दोन महिन्यांनी कसं चालेल? त्या गृहस्थांचं नेमकं हेच झालं होतं. दवाखान्यात दिलेल्या जुन्या कागदी मापानंच ते अजून कापत होते, आणि सुटते म्हणून भोक आणखी मोठं करत होते. सुरुवातीला दर आठवड्याला मापावं. स्टोमा गोल नसला तर पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर त्याचा आकार काढून घ्यावा, ब्लाउजचा कागद कापतो तसा, आणि तो तुकडा डब्यात जपून ठेवावा.

बदलायची वेळ सकाळची, चहा-नाश्त्याच्या आधी. तेव्हा आतडं शांत असतं. जुनी चकती ओढून काढायची नाही. एका हातानं कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं चकती हळूहळू सोडवायची. मग साधं कोमट पाणी आणि मऊ कापड. डेटॉल नको, स्पिरिट नको, खोबरेल तेल तर मुळीच नको. आपल्याकडे कातडी लाल झाली की खोबरेल तेल लावायची सवय आहे, पण तेलावर चकती धरत नाही आणि मग सगळा घोळ पुन्हा पहिल्यापासून. कातडी पूर्ण कोरडी करायची. ओलसर सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाकायची. पोटावर वळी किंवा खड्डा असेल तर तिथे स्टोमा पेस्ट भरायची, पण बेतानं, कारण पेस्ट म्हणजे फट बुजवायची लांबी आहे, डिंक नव्हे. पुरुषांनी तिथले केस कात्रीनं बारीक करावेत. चकती लावण्याआधी दोन तळहातांत धरून थोडी ऊब द्यावी, आणि लावल्यावर वरून हात ठेवून दोन-तीन मिनिटं शांत बसावं. मी त्या वेळात दिवसाच्या लेक्चरचे मुद्दे मनात घोळवते.

अशी लावलेली चकती तीन ते पाच दिवस टिकते. चार दिवसांचा हिशेब धरला तर महिन्याला सात-आठ चकत्या. (अर्थशास्त्र शिकवते, हिशेब सुटत नाही!) हा खर्च कायमचा आहे, तेव्हा महाग वस्तू घेऊन पंधरा दिवस ओढण्यापेक्षा परवडणारी घेऊन वेळेवर बदलणं कातडीच्या हिताचं. खाज सुटली, जळजळ झाली, कडेनं ओल दिसली, तर चार दिवस झाले नसले तरी बदलायची. वरून चिकटपट्टी मारून दिवस काढायचे नाहीत.

आता वासाचं. पिशवीचं प्लास्टिक वास बाहेर सोडत नाही. वास आला म्हणजे दोनच शक्यता. एक तर चकतीची कड सुटली आहे, किंवा रिकामी केल्यावर पिशवीचं तोंड नीट पुसलेलं नाही. टिश्यूनं आतली कड पुसून मगच क्लिप लावायची. वाऱ्यानं पिशवी फुगते म्हणून काहीजण तिला टाचणीनं भोक पाडतात. तसं करू नका, मग वास थांबवायला काहीच उरत नाही. आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. तुडुंब भरू दिली तर वजनानं चकती ओढली जाते.

काढलेली पिशवी संडासात टाकू नका, ड्रेनेज तुंबतं. आतलं रिकामं करून, पाण्यानं विसळून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यावी, सॅनिटरी नॅपकिन देतो तशी.

साडीची नाडी

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांना एक मोलाची गोष्ट सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. स्टोमा पोटावर नेमका कुठे काढायचा, याची खूण ऑपरेशनच्या आधी करून घेता येते, आणि ती करून घ्यावी. आडवं झोपवून तर सगळ्यांचंच पोट सपाट दिसतं. बसवून, उभं करून, वाकवून पाहिलं की वळ्या कुठे पडतात ते कळतं. जागा स्वतःच्या डोळ्यांना दिसली पाहिजे, जुन्या टाक्यांपासून आणि हाडापासून दूर पाहिजे. बायकांनी स्पष्ट सांगावं, मी साडी नेसते, परकराची नाडी इथे येते, निऱ्या इथे खोचते. पुरुषांनी पायजमा, पट्टा किंवा लुंगीची गाठ कुठे येते ते दाखवावं. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी आयुष्यभर नाडी आपल्यालाच बांधायची आहे.

माझा स्टोमा नेमका नाडीच्या रेषेवर आला. वर्षभर मी गाऊन आणि सैल पंजाबी ड्रेस घातले. मग शहापूरच्या आमच्या शिंपिणीनं नाडीऐवजी चार बोटं रुंद इलॅस्टिक लावून परकर शिवून दिला आणि साडी दोन इंच वर नेसायला लागले. इलॅस्टिक पोटाला सगळीकडे सारखं धरतं, एकाच रेषेवर आवळत नाही. शिंपिणीला कारण सांगताना मला घाम फुटला होता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिसा ठेवू का आतून, पिशवीला आधार होईल?" तो खिसा मला कुठल्याही डॉक्टरनं सुचवला नसता!

ओझं मात्र जपून. पहिले दोन-तीन महिने भरलेली घागर, गॅसचं सिलिंडर, धान्याचं पोतं यांना हात लावायचा नाही. पुढेही बेतानंच. पोटाची भिंत तिथे कच्ची झालेली असते, हर्निया होऊ शकतो. खोकला आला, शिंक आली, तर तळहात स्टोमावर ठेवून धरावं.

आणि आवाज? तो होतो. एकदा मागणी-पुरवठ्याची रेषा काढत असताना भर वर्गात झाला. पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी पुस्तक पोटाशी धरलं आणि रेषा पूर्ण केली. तेव्हापासून पुस्तक डाव्या हातातच असतं. हाताचा हलका दाब दिला की आवाज दबतो. लेक्चरच्या आधी कोबी, वाटाणे, राजमा, कच्चा कांदा, सोडा वॉटर टाळते. भरभर जेवताना बोलत राहिलं तरी हवा पोटात जाते, म्हणजे स्टाफरूममधल्या गप्पाही आल्याच.

खाण्यापिण्याचं

उपाशी राहून पिशवी रिकामी ठेवता येत नाही, हे मी त्या गृहस्थांना तीनदा सांगितलं. आतडं स्वतःचे रस बनवतच असतं, आणि रिकाम्या पोटात वारा जास्त धरतो. त्यापेक्षा थोडंथोडं, वेळच्या वेळी खावं. रात्रीचं जेवण जरा लवकर केलं तर पिशवीसाठी मध्यरात्री उठावं लागत नाही.

कोलोस्टॉमीवाल्यांना कायमचं पथ्य असं जवळजवळ नसतं. मी ज्वारीची भाकरी, पुंडी पल्ले, शेंगाची चटणी, कुंदा, सगळं खाते. नवा पदार्थ एका वेळी एकच खाऊन पाहायचा, म्हणजे पोटानं काय मानलं नाही ते कळतं. ताक-दही मानवतं. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसतं, ते रक्त नव्हे. पाणी कमी प्यायलं की आमच्यात बद्धकोष्ठही होतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

इलिओस्टॉमीवाल्यांची गोष्ट निराळी, आणि इथे चूक झाली तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं. पाणी आणि मीठ शोषून घेणारं मोठं आतडं त्यांच्या वाटेवर नसतं. दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पातळ मळ जाणं त्यांना नेहमीचं, पण त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी घटाघटा पिऊन ते भरून येत नाही, उलट आणखी पातळ होतं. म्हणून उन्हाळ्यात, जुलाब झाले तर, शेतात घाम गाळून आलं तर, ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट घोट घ्यावी. ताकात मीठ घालून घ्यावं. (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.) लघवी गडद आणि थोडी होऊ लागली, पायात गोळे आले, उठताना चक्कर आली, तर सरळ डॉक्टर गाठावेत. जुलाबाचं औषध कधीही घेऊ नये. काही गोळ्यांवर जाड आवरण असतं, काही सावकाश विरघळणाऱ्या असतात, त्या जशाच्या तशा पिशवीत येऊन पडतात. तेव्हा कुठल्याही आजारासाठी कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी "मला इलिओस्टॉमी आहे" हे आधी सांगावं.

आणि तंतूचे, सालीचे पदार्थ. मक्याचं कणीस, ओलं खोबरं, अळंबी, संत्र्याच्या फोडीची साल, शेवग्याच्या शेंगा. बाहेर येताना आतडं पोटाच्या भिंतीपाशी अरुंद झालेलं असतं, तिथे यांचा बोळा अडकतो. पहिले दोन महिने हे नकोच. पुढे थोडं थोडं आणि अगदी बारीक चावून.

मडी

आमच्या घरात दोन भाषा आहेत. माहेर मराठी, सासर गोकाककडचं कानडी. सासूबाईंची मडी कडक, आपल्या मराठीतलं सोवळं. ऑपरेशननंतर मी स्वतःहूनच देवघराची पायरी चढायची बंद केली. नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावत नव्हते. कुणी मला अडवलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. अंगावर चोवीस तास पिशवी बाळगणारी बाई सोवळ्यात कशी जाणार?

पिशवी सुटली त्या दिवशी मी बाथरूममधून बाहेर आले, तेव्हा सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या असाव्यात. म्हणाल्या, "होट्टी एल्लारिगू अद." पोट सगळ्यांनाच आहे. मग कानडीतच पुढे म्हणाल्या, की सगळ्यांच्या पोटात तेच असतं, देवाला ते माहीत नाही का, तुझं बाहेर दिसतं एवढंच. आंघोळ करून ये, पुरणाला मला हात पुरत नाहीत. मी आंघोळ केली. पिशवी लावून आंघोळ करता येते, बदलायच्या दिवशी पिशवी काढूनही करता येते, पाणी स्टोमातून आत जात नाही. त्या दिवशी पुरण वाटलं मीच.

सगळ्या घरांतून असं होईल असं मी म्हणत नाही. वेगळं ताट देणारी घरंही मी पाहिली आहेत. स्टोमा संसर्गजन्य नाही. त्या माणसाबरोबर जेवल्यानं, त्याच्या शेजारी झोपल्यानं, नातवंडं मांडीवर बसल्यानं कुणाला काही होत नाही. हे घरातल्या थोरांना त्यांच्या भाषेत सांगावं लागतं, आणि ते काम बहुधा सुनेकडे किंवा मुलीकडेच येतं.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल आपल्या पानांवर सहसा लिहीत नाहीत, पण न लिहिल्यानं माणसं कुढत राहतात. जखमा भरून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्यात अडचण नाही. आधी पिशवी रिकामी करावी, वरून मऊ सुती आवरण किंवा रुंद पट्टा घालावा. स्टोमा दुखत नाही, दाबानं तो बिघडत नाही. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर काही पुरुषांना नसांमुळे अडचण येते, काही स्त्रियांना दुखतं. दोन्हींवर उपाय असतात, पण विचारावं लागतं. तरुण मुलींना पुढे मूलही होऊ शकतं. आमच्याकडे पहिलं वर्ष मी भिंतीकडे तोंड करून झोपले. यजमानांनी काही म्हटलं नाही, आणि मला वाटलं त्यांना किळस येते. त्यांना वाटत होतं मला दुखतं. वर्ष फुकट गेलं.

प्रवास

बाहेर पडायचं तर एक छोटी थैली कायम बरोबर हवी. घरीच मापानं कापून ठेवलेल्या दोन चकत्या, दोन पिशव्या, क्लिप, टिश्यू, कचऱ्याला काळी पिशवी आणि पाण्याची बाटली. आपल्याकडच्या बस स्टँडच्या संडासात नळ असतो, पाणी असेलच असं नाही. कोल्हापूर किंवा हुबळीच्या बसला मी कडेची सीट घेते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत पिशव्या ठेवू नयेत, चिकटा वितळतो. एप्रिल-मेच्या घामात चकती एक दिवस आधी बदलावी. घरचा संडास देशी असेल तर सुरुवातीला उकिडवं बसता येत नाही. एक स्टूल ठेवून, समोर थोडा कागद टाकून, बसून रिकामी करावी. कागदामुळे शिंतोडे उडत नाहीत.

डावीकडच्या कोलोस्टॉमीवाल्यांना नळीनं कोमट पाणी सोडून आतडं एकदाच रिकामं करायची पद्धत शिकता येते. मग एक-दोन दिवस पिशवीत फारसं काही येत नाही. ती शिकवलेल्याकडूनच शिकावी, पुस्तकात वाचून नव्हे. मी शिकले आणि सोडून दिली. पाऊण-एक तास बाथरूम अडवावी लागते, आणि सकाळी आमच्या घरात पाच माणसं आणि एकच बाथरूम!

आपण निदान पिशवी विकत घेऊन लावू शकतो. पूर्वी कापड, रबर, पत्र्याच्या डब्या बांधत असत. १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सेन या नर्सनं कातडीला चिकटणारी पिशवी सुचवली. तिची बहीण थोरा हिचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि पिशवी गळेल या भीतीनं ती घराबाहेर पडत नव्हती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या रिक्षात बसून राहिलेले गृहस्थ आठवले.

घरच्या घरी थांबू नये अशी लक्षणंही सांगून ठेवते. स्टोमा जांभळा किंवा काळा पडणं, न थांबणारं रक्त, पोटात कळा येऊन बाहेर काहीच न येणं आणि उलट्या होणं, स्टोमा एकाएकी लांब बाहेर येणं, भोवती मोठा फुगवटा दिसणं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी जावं. ज्यांचं मागचं द्वार शिवून बंद केलं आहे, त्यांना तिथून शौचाला होईलसं वाटतं, आणि ज्यांचं तसंच ठेवलं आहे त्यांना तिथून चिकट स्राव जातो. ही दोन्ही मात्र घाबरायची नाहीत. शिकून घ्यायचं असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. पण ऑपरेशन कुठेही असो, सुट्टी मिळायच्या आधी "दोनदा मला स्वतः लावू द्या, तुम्ही बघा" असं नर्सला म्हणायला काय हरकत आहे?

त्या दिवशी आमच्या ओसरीवर तेच केलं. आरसा मांडला. त्यांच्या पत्नीनं कात्री उचलली, ती मी त्यांच्या हातात दिली. पहिली चकती फुकट गेली. दुसरी बसली. हात ठेवून बसा म्हटलं तर दहा मिनिटं तसेच बसले, डोळे मिटून. मग जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि सासूबाईंनी वाढलेलं ताक दोनदा मागून घेतलं. जाताना टॉवेल खांद्यावरच राहिला.

भाद्रपदात त्यांचा फोन आला. आवाजात दम होता. कातडी भरून आली होती, शेतावर जाऊन बसायला लागले होते. मग जरा घुटमळत विचारलं, मक्याला कणसं आली आहेत, एक भाजून खाऊ का? मी म्हटलं, नको, ऑपरेशनला अजून अर्धं वर्षही झालं नाही, या वर्षी राहू दे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, अक्कार, खरं सांगू का, काल अर्धं खाल्लं. तुम्ही चावायला सांगितलं होतं ना, बैलासारखा रवंथ केला, तासभर. बायको मोजत बसली होती.